हायजिनिस्ट आहेस ना, मग रजिस्टर तुझ्याच हातात आहे

प्रश्न विचारणारी मुलगी आपल्या इंदूरचीच आहे, वय सत्तावीस. बारावी सायन्स, मग डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे डेंटिस्टच्या हाताखाली दात साफ करणाऱ्यांचा, दोन वर्षांचा डिप्लोमा, मग अन्नपूर्णा रोडच्या बाजूला एका क्लिनिकमधे पाच वर्षं, आणि पगार जिथे होता तिथेच घुटमळतोय. नेटवर अमेरिकेतल्या हायजिनिस्ट बायका मोठमोठ्या संस्थांच्या डायरेक्टर झाल्याचं वाचलं आणि आता विचारतेय की ताई, असं आपल्याकडे होतं का, हॉस्पिटल हायजिनिस्टला घेईल का, एमबीए करावंच लागतं का, आणि मुख्य म्हणजे डॉक्टर लोक आपलं ऐकतील का.

मी २००३ पासून या लाईनमधे आहे. आधी सहा वर्षं क्लिनिक, मग एका हॉस्पिटलचा डेंटल विभाग, मग तिथेच क्वालिटी कोऑर्डिनेटर, आणि आता दुसऱ्या एका खाजगी हॉस्पिटलमधे क्वालिटी आणि ऑपरेशन्स दोन्ही बघते. तर हो, होतं. पण नेटवर वाचतेस त्या वाटेने नाही होत, आणि वाट चुकली की माणूस चार वर्षं फुकट घालवतो म्हणून जरा लांबण लावून लिहितेय, पोहे गार झाले तरी चालतील पण पूर्ण वाच.

आधी अमेरिकेचं बाजूला ठेवू. हा धंदाच तिथे जन्मला. ब्रिजपोर्ट नावाच्या गावात आल्फ्रेड फोन्स म्हणून डेंटिस्ट होते, त्यांनी १९०६ मधे आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमनला, दात साफ करायचं ट्रेनिंग दिलं आणि १९१३ मधे तिथेच पहिली शाळा काढली. म्हणजे त्यांच्याकडे शंभरावर वर्षांची तयार शिडी आहे. हायजिनिस्टने आधी असोसिएट डिग्री घ्यायची, नोकरी करता करता बॅचलर पूर्ण करायची, मग पब्लिक हेल्थ नाहीतर हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनमधे मास्टर्स. त्यांची असोसिएशन तर हायजिनिस्टचे रोल सांगतानाच क्लिनिशियनच्या बरोबरीने एज्युकेटर, रिसर्चर, ॲडमिनिस्ट्रेटर असं लिहून ठेवते. काही राज्यांत डेंटिस्टने आधी तपासायच्या अगोदरच हायजिनिस्ट पेशंट बघू शकते.

आपल्याकडे काय, तर १९४८ चा डेंटिस्ट्स ॲक्ट. त्यात हायजिनिस्टची व्याख्या एका वाक्याची आहे: जी व्यक्ती डेंटिस्ट किंवा डॉक्टर नाही, पण दातांचं स्केलिंग (म्हणजे दातांवर बसलेला थर खरवडून काढणं), क्लीनिंग, पॉलिशिंग करते किंवा दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देते ती. बस, एवढंच. त्याच्यावर २०२३ मधे नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा आला, पण तुझ्या रोजच्या कामात त्याने एकदम काही जादू होईल असं धरून बसू नकोस. स्वतःचं क्लिनिक काढता येणार नाही, डेंटिस्टच्या देखरेखीखालीच काम करायचं, म्हणजे हातातल्या कामात वर चढायला जागा जवळजवळ नाहीच. दहा वर्षांनी पण तू तेच स्केलिंग करणार, फक्त जास्त सफाईने. आणि गल्लीगल्लीत बीडीएस झालेली मुलं बसलेली आहेत, कमी पगारात स्वतःच स्केलिंग करतात, मग कोण डॉक्टर वेगळी हायजिनिस्ट ठेवेल आणि ठेवली तरी तिला रिसेप्शन, अपॉइंटमेंट, एक्सरे, सक्शन धरणं सगळं करायला लावेल. तुला पण लावतात असं तू लिहिलंयस आणि त्याचं तुला वाईट वाटतं. मला पण वाटायचं. आता मागे वळून बघते तर कळतं की जे काम माझं नाही म्हणून मी कुरकुरत होते त्यानेच मला वर नेलं, स्केलिंगने नाही.

एक गोष्ट सांगते. मी लागले त्या क्लिनिकमधे सर कामाला अतिशय चांगले, हात म्हणजे सोन्याचा, पण पेशंट परत आला का नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. मी सवय म्हणून एक लांब वही केली होती, पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. त्यात पेशंटचं नाव, फोन, कुठल्या दाताला किती मिलिमीटरचा पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीच्या मधली फट किती खोल, आणि पुढे कधी यायचं. तुला माहीतच आहे की प्रोबने, म्हणजे खुणा केलेल्या बारीक सळईने, एकेका दाताला सहा जागी मोजायचं, म्हणजे अठ्ठावीस दात असले तरी एकशे अडुसष्ट आकडे होतात, आणि मी कंटाळून सगळे नाही लिहायचे, चारच्या वरचे तेवढे लिहायचे. वर्षभराने दिवाळीच्या आधी क्लिनिक रिकामं होतं तेव्हा वही चाळली आणि धक्काच बसला, ज्यांना सहा महिन्यांनी बोलावलं होतं त्या दहातले दोन-तीन आले होते. बाकीचे गेले ते गेलेच. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "भूल जाते हैं लोग, क्या करें." मी म्हटलं मी शनिवारी दुपारी फोन करू का. त्यांनी फोनचं बिल किती येईल एवढंच विचारलं.

फोन केले आणि खरं कारण कळलं. लोक विसरत नव्हते, घाबरत होते. "दात साफ केल्यावर ढिले होतात ना हो ताई," हे मला सुदामा नगरच्या एका आजीने मराठीत सांगितलं, आणि तेच मालवी भागातून येणाऱ्या पेशंटने हिंदीत. दातांच्या मधे दगडासारखा टार्टर बसलेला असतो, तो काढला की तिथे फट दिसते आणि जीभ सारखी तिकडे जाते, माणसाला वाटतं डॉक्टरीणबाईने दात घासून काढले. तेव्हापासून मी स्केलिंगच्या आधीच हातात आरसा द्यायला लागले. बघा, हा दगड आहे, हा गेल्यावर इथे फट दिसणार, ती आधीपासूनच होती, दगडाने भरली होती एवढंच. दोन मिनिटं जास्त लागायची. पुढच्या वर्षी बोलावलेल्यातले निम्म्याहून जास्त परत आले.

आता हे मी का सांगतेय. कारण पुढे हॉस्पिटलमधे इंटरव्ह्यूला गेले तेव्हा माझ्यासमोर बसलेल्या माणसाला स्केलिंगमधे काही रस नव्हता, पण ही वही मी पिशवीतून काढली आणि त्याने चष्मा लावून पाच मिनिटं चाळली. त्याला क्वालिटीच्या भाषेत जे हवं होतं ते सगळं तिथे होतं: आधी मोजलं, कारण शोधलं, एक बदल केला, परत मोजलं. मला तेव्हा या सगळ्याला काय म्हणतात ते माहीत पण नव्हतं. तुझ्याकडे अशी वही नसेल तर उद्यापासून सुरू कर, एक्सेलमधे कर, पण पेशंटचं नाव-नंबर घरी घेऊन जाऊ नकोस, क्लिनिकच्या कॉम्प्युटरवरच ठेव आणि बाहेर दाखवायची वेळ आली तर फक्त आकडे दाखव. मी तेव्हा अख्खी वही घेऊन गेले होते ती चूकच होती, आज कोणी माझ्यासमोर असं केलं तर मी त्याला घेणार नाही.

आता एमबीएचं. लोक इथेच फसतात, म्हणून सरळ सांगते. तुझ्याकडे डिप्लोमा आहे, डिग्री नाही. एमबीए असो, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा मास्टर्स असो, जवळजवळ सगळीकडे आधी ग्रॅज्युएशन मागतात. तुझ्यासारख्या तीन-चार मुली मला माहीत आहेत ज्यांनी कुठलातरी सहा महिन्यांचा "हॉस्पिटल मॅनेजमेंट सर्टिफिकेट" पैसे भरून केला, भवरकुआंच्या कोचिंगवाल्यांच्या बोर्डाखाली असले बोर्ड पण लागलेले असतात, आणि मग एचआरने पहिल्याच फॉर्मवर अडवलं कारण ग्रॅज्युएशनचा रकाना रिकामा. तर आधी तो रकाना भर. इग्नूचा बीए कर, नाहीतर भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठातून कर, विषय काहीही चालेल. इग्नूत तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत ओढता येते, परीक्षा जून आणि डिसेंबरमधे. मी नोकरी करता करता केला, असाइनमेंट रात्री कणीक मळून ठेवल्यावर लिहायचे आणि एकदा तर पोस्टात टाकायच्या दिवशी त्याच्यावर वरण सांडलं. कोणी विचारलं नाही की बीएमधे सोशियॉलॉजी का घेतलंस, फक्त विचारलं ग्रॅज्युएट आहेस का.

ग्रॅज्युएट झाल्यावर मग पुढचं. आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात, आयएमएस या मॅनेजमेंटच्या विभागात हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा एमबीए आहे, दोन वर्षं फुल टाईम. तू तीसच्या आत असशील आणि घरून दोन वर्षं पगाराशिवाय जमत असेल तर तोच कर, कारण तिथून हॉस्पिटलमधे इंटर्नशिपला जायला मिळतं आणि तिथले चेहरे ओळखीचे होतात, खरी नोकरी त्यातून लागते. मला नाही जमलं, मुलगा लहान होता, मी डिस्टन्सने हॉस्पिटल मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा केला आणि त्याची किंमत मला मोजावी लागली, दोन प्रमोशनला माझ्याऐवजी फुल टाईम एमबीएवाली मुलगी पुढे गेली. ती चांगली होती, तक्रार नाही, पण तुला खोटं का सांगू. इंदुरात आयआयएम आहे म्हणून लगेच तिकडे बघू नकोस, तो वेगळा खेळ आहे.

पण एमबीएच्या आधी, आणि कदाचित एमबीएपेक्षा जास्त, तुला एका जागी उभं राहावं लागेल, जिथे कोणाला उभं राहायचं नसतं. ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे वाफेने इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करायच्या मशीनपाशी.

मी २००९ मधे हॉस्पिटलच्या डेंटल विभागात गेले. पगार क्लिनिकपेक्षा तेराशे रुपयांनी कमी, घरी कोणाला सांगितलं नाही. डेंटलचं आपलं वेगळं छोटं ऑटोक्लेव्ह होतं आणि ते चालवायचा वॉर्डबॉय, सगळे त्याच्यावर सोडून मोकळे. पाउचवरची टेप काळी झाली की माल स्टराईल, असं सगळे धरून चालायचे. आता टेप काय सांगते, तर एवढंच की हे पाकीट गरम झालं. आतले जंतू मेले का नाही ते टेपला माहीत नसतं. त्यासाठी स्पोअर टेस्ट लागते, एक छोटी बाटली असते त्यात उष्णतेला अतिशय चिवट असा जंतू असतो, जिओबॅसिलस, ती भरलेल्या ऑटोक्लेव्हमधे ठेवायची, सायकल झाली की इनक्युबेटरमधे, आणि शेजारी एक तशीच बाटली न शिजवता. न शिजवलेली पिवळी झाली पाहिजे, शिजवलेली जांभळीच राहिली पाहिजे. मी महिनाभर मागे लागून त्या बाटल्या मागवल्या, खरेदीवाला म्हणायचा की डेंटलला कशाला हवं, दात तर काढायचेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मी इनक्युबेटर उघडला तर दोन्ही पिवळ्या. लिंबासारख्या. मी परत परत बघितलं, वाटलं मीच अदलाबदल केली असेल, पण लेबल माझ्याच अक्षरात होतं. बाहेर खुर्च्यांवर चौदा पेशंट बसलेले, पहिली केस अक्कलदाढेची. मी विभागप्रमुखांना सांगितलं की आजचे सगळे इन्स्ट्रुमेंट्स थांबवायला पाहिजेत. ते मास्क बांधत होते, म्हणाले, "टेप काली हुई है ना? चलाओ." मी म्हटलं सर, नाही चालवणार. माझा आवाज इतका कापत होता की मलाच तो माझा वाटला नाही. मी पाउचचा ट्रे उचलला आणि तो घेऊन सरळ मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या केबिनमधे गेले, दोन बाटल्या एप्रनच्या खिशात.

दोन दिवस ऑपरेशन थिएटरच्या स्टरलायझेशनमधून इन्स्ट्रुमेंट्स आणून काम चाललं, आधीच्या सायकलमधला सगळा माल परत मागवून परत शिजवला. कारण काय निघालं, तर दरवाजाचा रबर गॅस्केट झिजलेला आणि आपला वॉर्डबॉय पाउच एकावर एक पापडासारखे रचायचा, मधे वाफ जायला जागाच नाही. त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं की पाउच उभे ठेवायचे, कागद एका बाजूला. विभागप्रमुख माझ्याशी दोन महिने कामाशिवाय बोलले नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात मला इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत घेतलं. कमिटीत एक मायक्रोबायॉलॉजिस्ट, एक सर्जन, मेट्रन, आणि मी, डिप्लोमावाली. पहिल्या मीटिंगला चहा सगळ्यांना आला, मला नाही आला, शिपायाला वाटलं मी नोट्स घ्यायला बसलेय.

तर तुझा दुसरा प्रश्न, हॉस्पिटल हायजिनिस्टला घेईल का. हायजिनिस्ट म्हणून फार जागा नाहीत. पण इन्फेक्शन कंट्रोल आणि क्वालिटी या दोन दारांना सतत माणसं हवी असतात, कारण एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता, घ्यायचं म्हटलं की सगळी हॉस्पिटल्स धावपळ करतात आणि कागद लिहिणारा, वॉर्डात फिरणारा, न कंटाळता तेच तेच मोजणारा माणूस मिळत नाही. एनएबीएचचे डेंटल क्लिनिकसाठी पण वेगळे स्टँडर्ड्स आहेत, ते आणून वाच, तुझं निम्मं रोजचं काम त्यात लिहिलेलं सापडेल. हात धुणं, पेशंटची संमती, सुई कुठे टाकायची, पेशंटला काय समजावलं ते लिहून ठेवणं. नर्सिंगवाल्या मुली तिथे तुझ्या आधीपासून आहेत हे लक्षात ठेव आणि त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नकोस, त्यांना वॉर्ड तुझ्यापेक्षा दसपट कळतो.

वॉर्ड आपल्याला किती कमी कळतो हे मी कसं शिकले ते सांगायला लाज वाटते पण सांगते. क्वालिटी कोऑर्डिनेटर झाल्यावर पहिल्या वर्षाचा, स्टाफला चुकून सुई टोचल्याचा रिपोर्ट मी मोठ्या अभिमानाने मीटिंगमधे ठेवला, वर्षभरात झिरो. टाळ्या पडल्या. एक म्हातारे फिजिशियन टाळ्या न वाजवता म्हणाले, "झिरो? या हॉस्पिटलात? म्हणजे कोणी लिहीतच नाही." मला राग आला होता खरं तर. मी खाली गेले आणि हाऊसकीपिंगच्या बायकांना ओरडले की लिहीत का नाही तुम्ही, फॉर्म कशासाठी ठेवलेत. सगळ्या गप्प. चार दिवसांनी त्यातली एक बाई एकटी आली आणि तिने ग्लोव्ह काढून बोट दाखवलं, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून सुई लागली होती, तीन आठवडे झाले होते. सांगितलं नाही कारण आधीच्या सुपरवायझरने एकीचे पैसे कापले होते, निष्काळजीपणा म्हणून. आता एचआयव्हीची बचावाची औषधं दोन तासांच्या आत सुरू केलेली बरी आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग मानत नाहीत, तीन आठवडे म्हणजे गाडी गेलेली. तिच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, पण सहा महिने ती आणि मी दोघी तारखा मोजत होतो.

त्यानंतर एक नियम करून घेतला, टोचल्याचं सांगणाऱ्याचा एक रुपया कापायचा नाही, उलट लगेच रजा आणि तपासणी, हेपेटायटिस बीच्या तीन लसी सफाईवाल्यांना पण फुकट. पुढच्या वर्षी आकडा झिरोवरून एकदम वर गेला आणि मॅनेजमेंटने मलाच बोलावलं की तुम्ही आल्यापासून सुया जास्त टोचायला लागल्या. तेव्हा मी परत तेच केलं जे सुदामा नगरच्या आजींबरोबर केलं होतं, आरसा दिला. म्हणजे कागद समोर ठेवला की ही फट आधीपासून होती, आता दिसतेय एवढंच.

गंमत बघ, आपण इंदूरचे लोक घरात सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो, कचऱ्याची गाडी आली की आजी पण धावत जाते, २०१७ पासून स्वच्छतेत सलग सात वर्षं पहिला नंबर आला म्हणून छाती फुगवतो, आणि त्याच घरातली शिकलेली माणसं हॉस्पिटलात येऊन सुई पिवळ्या पिशवीत टाकतात. २०१६ च्या नियमात साफ आहे, सुई-ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, ग्लोव्ह आणि सक्शनच्या नळ्या लालमधे, काच निळ्यात, काढलेला दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्यात, आणि तो अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवायचा नाही. चार रंग! घरी सहा जमतात. तुझ्या क्लिनिकमधे हे चार डबे नीट लागलेले आहेत का ते उद्या जाऊन बघ, नसतील तर तिथूनच सुरुवात कर, सरांना सांगून, भांडून नाही.

आता डॉक्टर ऐकतील का. सुरुवातीला नाही ऐकणार, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असं पण नाही, रात्री दोनला पेशंटपाशी ते उभे असतात, मी घरी झोपलेली असते. मी दोन गोष्टी पाळते. एक, त्यांच्या ट्रीटमेंटवर एक शब्द बोलायचा नाही, कधीच नाही, अगदी दाताची केस असली आणि मला दिसत असलं तरी, ते दुसऱ्या डॉक्टरलाच बोलू द्यायचं. माझा शब्द फक्त पद्धतीवर. दुसरं, मीटिंगमधे कोणालाही पहिल्यांदा वाईट आकडा दाखवायचा नाही. आदल्या दिवशी ओपीडी संपल्यावर त्यांच्या केबिनमधे जायचं, एकटीने, कागद घेऊन, सर हा उद्या येणार आहे, तुमचं काय म्हणणं आहे ते आधी सांगा. दहातले आठ जण स्वतःच उपाय सुचवतात आणि मीटिंगमधे तो त्यांचाच म्हणून मांडतात. मांडू दे. सुरुवातीला मला फार लागायचं की कल्पना माझी आणि नाव त्यांचं, आता काम झालं का तेवढं बघते. खोटं कशाला, अजून पण कधीकधी लागतं.

आणि एक अडचण, त्याबद्दल कोणी बोलत नाही. बीडीएस करून मग हॉस्पिटल मॅनेजमेंट केलेली मुलं हल्ली भरपूर आहेत, एकाच पोस्टला तू आणि ती समोरासमोर येणार, आणि कागदावर ती भारी दिसणार. तिथे तुझ्याकडे फक्त केलेलं काम असतं, ते पण लिहिलेलं असलं तर. म्हणून आता सांगते ते नीट कर. पगार रोख घेत असशील तर आजच बँकेत मागायला लाग, छोट्या क्लिनिकमधे पाच वर्षं काम करून पण सॅलरी स्लिप नाही, अपॉइंटमेंट लेटर नाही, आणि हॉस्पिटलचा एचआर ती पाच वर्षं शून्य धरतो, माझ्या सहातली दोन अशीच गेली. स्टेट डेंटल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघ. हेपेटायटिस बीच्या लसींचा कागद शोध, नसेल तर परत घे, इंटरव्ह्यूसाठी नाही, स्वतःसाठी. एक्सेलमधे पिव्होट टेबलपर्यंत शीक, त्याच्या पुढचं लागत नाही. इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालतं पण पाच ओळींचा ईमेल स्वच्छ लिहिता आला पाहिजे, त्याला मला दोन वर्षं लागली, प्रत्येक ईमेल आधी मराठीत डोक्यात जुळवायचे.

घरचं पण विचारलंयस, की सासरी म्हणतात आहे ते काम बसून करायचं आहे, कशाला उड्या मारायच्या. बसून करायचं हे ज्याने कधी दिवसाला दहा स्केलिंग केली नाहीत तोच म्हणेल. माझ्या उजव्या मनगटात बत्तिसाव्या वर्षी रात्री मुंग्या यायला लागल्या, मान एका बाजूला वळेना, आपल्या लाईनमधे हे घरोघरी आहे. हे हात अठ्ठावन्नपर्यंत स्केलर धरणार नाहीत, हे त्यांना तसंच सांग, पैशाचं नंतर सांग. माझ्या सासूबाईंना पैशाचं पटलं नव्हतं, मनगटाला पट्टा बांधलेला बघितल्यावर पटलं, आणि मग त्यांनीच राजेंद्र नगरच्या गणपतीत सगळ्यांना सांगितलं की आमची सून आता हॉस्पिटलात ऑफिसर होणार, व्हायच्या दोन वर्षं आधीच.

खुर्ची एकदम सोडू नकोस. इग्नूचं पहिलं वर्ष होईपर्यंत तिथेच रहा, डबे लाव, स्पोअर टेस्ट सुरू करून घे, सहा महिन्यांचे आकडे हातात येऊ दे, आणि मग हॉस्पिटलच्या डेंटल विभागात नाहीतर इन्फेक्शन कंट्रोलमधे अर्ज कर, पगार थोडा कमी असला तरी. आणि सरांकडून एक्सपिरियन्स लेटर घेशील तेव्हा "वर्क्ड ॲज डेंटल हायजिनिस्ट" एवढं एका ओळीचं घेऊ नकोस. स्टरलायझेशनची नोंद, कचऱ्याचं वर्गीकरण, रिकॉल म्हणजे पेशंटला परत बोलावणं, स्टॉक, जे जे करतेस ते मुद्दाम लिहून घे, मसुदा तूच टाइप करून ने, त्यांना फक्त सही करायची ठेव. आणि दिवाळीच्या आधी घे, दिवाळीनंतर पेशंटची गर्दी होते आणि सही महिनाभर लटकते.